बर्फात उभी राहून आलेली रेस कार: कूलिंग सिस्टीमची तपासणी आणि दुरुस्ती

पुण्यात गाडीतलं पाणी गोठत नाही. शहराचं नोंदलेलं नीचांकी तापमान १.७ अंश आहे, तेही जानेवारी १९३५ मधलं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गाड्यांच्या टपावर हिमकण दिसतात, पण तिथे उघड्या आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही गार पडलेला असतो. इंजिनातल्या पाच-सहा लिटर पाण्याला त्याने काही होत नाही. त्यामुळे इथल्या बहुतेक फिटरनी गोठून फुटलेला ब्लॉक पाहिलेलाच नसतो, आणि अशी गाडी समोर आली की निदान चुकतं. ‘हेड गास्केट (ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) गेलंय’ म्हणून हेड उतरतं, नवं गास्केट बसतं, आणि दोन दिवसांत पाणी मिसळून ऑइल पुन्हा दुधाळ.

अशा गाड्या पुण्यात येतात त्या दोन वाटांनी. हिमालयातली रॅली संपल्यावर मनालीला किंवा लेहला कुणाच्या तरी शेडमध्ये ठेवून दिलेली रॅली कार, नाहीतर उत्तरेतल्या डोंगरात हिवाळा काढून मग विकली गेलेली ट्रॅक कार. दुसऱ्या प्रकारात धोका जास्त, कारण ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी ग्लायकॉलवालं (पाणी गोठू न देणारं) कूलंट चालत नाही. ते सांडलं तर डांबर निसरडं होतं आणि पाण्यासारखं पटकन वाळत नाही. म्हणून ट्रॅक कारमध्ये साधं पाणी आणि फार तर गंजरोधक असतं, आणि ते शून्याला गोठतं. रॅली कारमध्ये कूलंट असतं खरं, पण वाटेत दर ठिकाणी नळाचं पाणी टाकून लेव्हल केलेली असते. शेवटी उरतं ते नुसतं हिरवट पाणी.

पहिली गोष्ट: सेल्फ मारू नका

ट्रेलरवरून उतरताच बॅटरी काढा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा. उत्तरेतून पुण्यापर्यंतच्या प्रवासात बर्फ केव्हाच वितळलेला असतो, त्यामुळे गाडी दिसायला ठीकठाक असते. पण सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल तर सेल्फच्या एका फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, पाणी असेल तर ते ऑइल पंप थेट बेअरिंगवर नेऊन ओततो. चार हजारांच्या दुरुस्तीचं पूर्ण इंजिन उघडण्यात रूपांतर होतं ते इथेच.

गाडी अजून डोंगरातच असेल आणि फोनवर सल्ला द्यायचा असेल, तर एवढंच सांगा: आत आणून दोन दिवस उभी ठेवा, उकळतं पाणी ओतू नका, ब्लोलॅम्प लावू नका. थंडगार ओतीव धातूच्या एकाच भागाला एकदम उष्णता दिली की जिथे तडा नव्हता तिथेही जातो.

आत काय झालेलं असतं

पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढतं. सहा लिटरचा पूर्ण बर्फ झाला तर अर्ध्या लिटरहून जास्त जागा कमी पडते. पण सगळीकडे एकाच वेळी बर्फ होत नाही, आणि नुकसान समजून घ्यायला हेच महत्त्वाचं आहे. रेडिएटरच्या नळ्या पातळ, त्या आधी गोठतात. बारीक होज आणि पाइप त्यांच्या मागून. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप, बंद असतोच. म्हणजे ब्लॉकमधलं पाणी दोन्ही बाजूंनी बुचं बसल्यासारखं अडकतं, आणि ते गोठू लागलं की वाढलेलं आकारमान उरलेल्या द्रव पाण्यावर दाब टाकतं. तापमान शून्याच्या काही अंश खाली गेलं की हा दाब शेकडो बारमध्ये जातो. रेडिएटरची कॅप १ बारच्या आसपास सुटते हे खरं, पण तिच्यापर्यंतची वाट बर्फाने बंद असल्यावर तिचा काय उपयोग?

ब्लॉकच्या बाजूला बसवलेले कपच्या आकाराचे कोअर प्लग अशा वेळी उडून ब्लॉक वाचवतात, असं सर्रास सांगितलं जातं. हे प्लग ज्यांत बसतात ती भोकं ओतकामाच्या वेळी आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेली असतात. दाबाने प्लग बाहेर सरकला तर नशीब. पण प्लग जागच्या जागी आणि शेजारची भिंत फुटलेली, असंही होतं. उलट प्लग थोडा जरी पुढे आलेला दिसला, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी त्या बाजूची भिंत नीट तपासायलाच हवी.

पाणी मोजा, मग ऑइल बघा

हे काम फुकटात होतं आणि निम्मं निदान इथेच निघतं, तरी लोक ते सोडून देतात. खालचा होज काढून, असल्यास ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडून, सगळं पाणी मापाच्या बादलीत घ्या आणि गाडीच्या ठरलेल्या क्षमतेशी ताडून बघा. छोट्या चार सिलिंडर गाडीत साधारण ५ ते ७ लिटर असतं; नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या, आणि रेडिएटर मोठा बसवलेला असेल तर तोही धरा. लिटर-दोन लिटर कमी निघालं तर ते वाटेत कुठेतरी गळलंय किंवा चेंबरमध्ये गेलंय. त्या पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीवर) टाका. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं, ग्लायकॉल एक तृतीयांश असेल तर उणे १८ पर्यंत. (नुसतं ग्लायकॉल जास्त चांगलं असं समजू नका, ते उणे १३ च्या आसपासच गोठतं.) प्रमाण कमी असलं तरी थोडं ग्लायकॉल असेल तर एकसंध बर्फ न होता आधी चिखलासारखा लगदा होतो, आणि नुकसान बरंच कमी असतं. रीडिंग शून्य आलं तर मात्र सगळ्यात वाईट धरून पुढे चला.

आता ऑइल. गाडी रात्रभर सपाटीवर उभी राहू द्या, म्हणजे पाणी तळाला बसेल. सकाळी चेंबरचा नट हळूहळू सैल करा आणि पहिलं ५०-१०० मिली पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी जड, त्यामुळे ते आधी येतं. डिपस्टिक पुसून बघणं पुरेसं नाही. इंजिन फिरलंच नसेल तर वरचं ऑइल सोन्यासारखं आणि खाली पेलाभर पाणी, असं सहज असतं. ड्राय संप (ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) असेल तर ऑइल टाकीच्या तळातूनही असाच नमुना घ्या.

पाणी निघालं तर सगळं ऑइल काढा, फिल्टर उघडून बघा, आणि चेंबर उतरवून निदान एक मेन आणि एक बिग एंड बेअरिंग कॅप खोला. दोन महिने पाण्यात बसलेल्या जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) गंजाची रेघ उठते, आणि ती रेघ रेसच्या आरपीएमला बेअरिंगचं नवं शेल खाऊन टाकते. ग्लायकॉल मिसळलेलं ऑइल तर आणखी वाईट, कारण त्याचा चिकट गाळ होऊन ऑइलच्या बारीक वाटा बुजतात.

नंतर सगळे स्पार्क प्लग काढा, बोअरस्कोपने (भोकातून आत जाणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने) प्रत्येक पिस्टनचा माथा बघा. एखादा माथा धुतल्यासारखा स्वच्छ किंवा गंजलेला दिसला तर पाणी त्या सिलिंडरमध्ये गेलंय. इनटेक पोर्टमध्येही डोकावा, हेडच्या पोर्टची भिंत पातळ असते. मग पंपाचा बेल्ट काढून, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून, क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका.

दाबाची चाचणी: आधी हवा, मग पाणी

फुटलेल्या सिस्टीममध्ये थेट पाणी भरून दाब दिला तर तेच पाणी तड्यातून चेंबरमध्ये उतरतं. म्हणून पहिली चाचणी कोरडी. कॅपच्या जागी हातपंपाचा टेस्टर लावा, ०.३ बार हवा द्या, साबणाचं पाणी मारत सगळे जोड बघा, आणि ऑइलची कॅप उघडून कान लावा. आत सुस्स आवाज आला तर हवा इंजिनात जातेय, इथेच थांबा. नाही आला तर हळूहळू कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत न्या. कॉम्प्रेसरची लाइन रेग्युलेटरशिवाय कधीही जोडू नका. ७-८ बारने रेडिएटरची टाकी फुटते आणि समोरच्याचा डोळा जातो.

हवा धरली तर पाणी भरा आणि त्याच दाबावर अर्धा तास ठेवा. काटा हलता कामा नये. हे सकाळी करा. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये गाडी तापत जाते, दाब आपोआप वाढतो आणि बारीक गळती झाकली जाते. चाचणी चालू असताना स्पार्क प्लग काढलेलेच असू द्या.

काटा उतरतोय पण बाहेर थेंब दिसत नाही, अशी वेळ आली की लूपचे, म्हणजे पाणी फिरतं त्या वाटेचे, तुकडे पाडा: रेडिएटर बाजूला काढून त्याच्या दोन्ही होजना बुचं, मग हीटर, मग ऑइल कूलर. ज्याला वगळल्यावर काटा स्थिर राहतो तो गुन्हेगार. टर्बो गाडीत वॉटर-कूल्ड इंटरकूलर असेल तर त्याचा लूप वेगळा असतो, त्याचं पाणी काढायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

कुठे काय फुटतं

रेडिएटरमध्ये चपट्या नळ्या फुगून गोल व्हायला बघतात. जाळीकडे तिरक्या उजेडात पाहा. एखाद्या पट्ट्यात फिन दबून दाट झालेल्या दिसल्या तर तिथली नळी फुगलीय. ती गळत नसली तरी तो कोअर (नळ्या-फिनांचा गाभा) बाद समजा. धातू ताणून पातळ झालेला असतो आणि गरम पाण्याच्या दाबाला, ट्रॅकच्या थरथरीत, तो केव्हा तरी सुटणारच. सगळ्यात जास्त फुटतो तो नळी आणि हेडर प्लेटचा जोड. प्लास्टिक टाकीचा रेडिएटर असेल तर टाकीची दुमडलेली पकड उघडते. तांबे-पितळेच्या जुन्या रेडिएटरला डाग देणारे कारागीर अजून मिळतात आणि ते काम टिकतं. अॅल्युमिनियममध्ये टाकीचा किंवा पाइपचा तडा भोसरी एमआयडीसीतला चांगला टिगवाला (टिग वेल्डिंग करणारा) नीट भरून देतो, पण कोअरच्या नळीवर टिग मारायला सांगू नका; भिंत इतकी पातळ असते की एक भोक बुजवताना शेजारी दोन पडतात. कोअर बदला. एम-सील आणि लीक बंद करणारी पावडर, दोन्ही रेस गाडीत नकोत. पावडर हीटर आणि ऑइल कूलरच्या वाटा बुजवते.

ऑइल कूलर, म्हणजे फिल्टरखाली बसणारा पाणी-ऑइल प्रकारचा, हा सगळ्यात फसवा भाग. त्याच्या आतल्या प्लेट फुटतात, बाहेरून ओरखडाही नसतो, आणि लक्षण हेड गास्केटसारखंच: ऑइलमध्ये पाणी, पाण्यावर ऑइलची साय. हेडला हात लावण्याआधी हा उतरवा. ऑइलच्या बाजूने २ बार हवा द्या, पाण्याची तोंडं उघडी ठेवून बादलीत बुडवा. बुडबुडे आले तर नवाच घ्या. आतून धुऊन वापरण्याचा मोह टाळा.

वॉटर पंपात उरलेलं पाणी इम्पेलरभोवती गोठतं. त्या अवस्थेत कुणी सेल्फ मारून पाहिला असेल तर पातं तुटतं किंवा सील फाटतं. पंप काढून पातं हाताने चाचपा, खालच्या टेलटेल भोकापाशी (सील गेलं की जिथून पाणी ठिबकतं) डाग आहे का बघा. बाइकचं इंजिन बसवलेल्या फॉर्म्युला गाड्यांत पंपाचं अॅल्युमिनियम कव्हर आधी फुटतं, तेही स्क्रूच्या कानापाशी. थर्मोस्टॅट आणि प्रेशर कॅप तपासत बसू नका, दोन्ही नवे टाका.

रॅली कारमध्ये काच धुकट होऊ नये म्हणून हीटर ठेवलेला असतो. डॅशबोर्डखाली ओल किंवा गोडसर वास आला तर हीटर कोअर गेला.

मिड-इंजिन गाडीत रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, मध्ये तळाखालून जाणारे लांब पाइप. पाइप जिथे झोल खातो तिथे पाणी साचून राहतं आणि तो पाइप उभा चिरतो. गाडी जॅकवर घेऊन पूर्ण लांबी हाताने तपासा, ब्रॅकेटच्या आड बोट जात नसेल तर ब्रॅकेट काढा.

कोअर प्लग बदलणं आणि ब्लॉकचा निकाल

एक कोअर प्लग हलला असेल तर सगळे बदला. ड्रिफ्टने (ठोकायच्या बोथट दांड्याने) प्लगच्या एका कडेवर ठोका, तो आडवा फिरला की प्लायरने ओढून काढा. आत पाण्याच्या जॅकेटमध्ये पाडू नका. भोकाची कड ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने स्वच्छ करा आणि मापही भोकाचंच घ्या, जुना प्लग दबलेला असतो. नाना पेठेत नमुना घेऊन गेलात तर पितळी प्लगही मागा, गंजत नाहीत. कडेला सीलंटचा पातळ थर लावून, कपाच्या आतल्या तळाला बसेल अशा ड्रिफ्टने सरळ ठोका. कपाची कड भोकाच्या चॅम्फरपेक्षा १ ते १.५ मिमी आत गेली की बस.

ब्लॉकच्या भिंतीवर रंग रेषेत उडालाय किंवा गंजाची बारीक आडवी रेघ आहे, असं दिसलं की डीपी टेस्ट (तड्यात रंग शिरवून तो दाखवणारी चाचणी) करा. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्याकडे तीन डब्यांचा सेट मिळतो. भाग पूर्ण तेलरहित करा, लाल पेनिट्रंट मारून १०-१५ मिनिटं थांबा, क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा (थेट फवारलात तर तड्यातलाही धुतला जातो), मग पांढरा डेव्हलपर. दहा मिनिटांत लाल रेघ उमटते. तड्याची टोकं कुठे आहेत हे पेन्सिलने लगेच खुणा करून ठेवा.

तडा बाहेरच्या जॅकेटच्या भिंतीत असेल आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर मेटल स्टिचिंग हा आमच्या मते उत्तम मार्ग. टोकांना भोकं पाडून तडा थांबवतात आणि एकावर एक चढणाऱ्या आट्यांच्या पिनांनी तो शिवत नेतात. उष्णता नाही, म्हणून बोअर (सिलिंडरचं भोक) वाकत नाही. निकेल रॉडने वेल्डिंगही होतं, पण ब्लॉक आधी गरम करून, इंचभराच्या तुकड्यांत टाके टाकून, प्रत्येक टाका हलका ठोकून, शेवटी राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून हळू थंड करावा लागतो. घाईत थंड झाला की टाक्याशेजारी नवा तडा. अॅल्युमिनियमचा ब्लॉक किंवा हेड टिगने भरतं, ४०४३ फिलरने. पण कूलंट शोषलेलं जुनं ओतीव आधी भट्टीत भाजून घ्यायला लावा, नाहीतर टाक्यात बुडबुडे राहतात. नंतर फेसिंग मारून (बैठक मशीनवर सपाट करून), गरम पाण्यात हवेच्या दाबावर चाचणी झाल्याशिवाय भाग ताब्यात घेऊ नका. गार असताना मिटलेला तडा गरम झाल्यावर उघडतो.

तडा बोअरमध्ये, हेडच्या बैठकीवर किंवा मेन बेअरिंगच्या वेबमध्ये असेल तर ब्लॉक भंगारात. रेसच्या भाराला ती दुरुस्ती टिकत नाही. साध्या मारुती इंजिनाच्या बाबतीत तर बाहेरचा तडाही शिवत बसण्यापेक्षा जुनं चांगलं इंजिन घेणं बहुधा स्वस्त पडतं. मात्र रॅली कार रस्त्यावर चालणारी, आरसीवाली असते. इंजिन नंबर बदलणार असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या. इंजिन बसवून झाल्यावर कागद जुळवायला गेलं की त्रास होतो.

भरणं आणि पहिला स्टार्ट

बोअरवेलचं पाणी वापरू नका. पुण्याच्या आसपासचं बोअरवेलचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं आणि त्याचा क्षार गरम भिंतीवर थर धरतो. डिस्टिल्ड किंवा डीआय (क्षार काढलेलं) पाणी आणा, आणि ट्रॅकसाठी चालणारं गंजरोधक बाटलीवरच्या प्रमाणात टाका. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट गाडीत तेही चालत नाही, तिथे नुसतंच पाणी. रेडिएटरची बाजू उंच करून, सगळे ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडणारे) उघडे ठेवून हळू भरा, नाहीतर हेडमध्ये हवा धरते आणि गेज खोटं बोलतं.

स्पार्क प्लग काढलेले ठेवून सेल्फवर ऑइल प्रेशर येऊ द्या, मगच प्लग लावून स्टार्ट. आयडलपेक्षा थोडं वर ठेवा. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, वरचा होज झटकन गरम व्हायला हवा. त्याच वेळी निळ्या द्रवाच्या ब्लॉक टेस्टरने कूलंटवरची हवा ओढून बघा. द्रव पिवळा पडला तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, लेव्हल मोजा. असे तीन फेरे. तिन्हींनंतर लेव्हल स्थिर आणि बाटलीतला ऑइलचा नमुना स्वच्छ असेल तरच गाडी ट्रॅकवर. आधी पाणी शिरलं असेल तर अर्ध्या तासाच्या चालण्यानंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला. होजच्या क्लिप पहिल्या गरम फेऱ्यानंतर पुन्हा आवळा.

पुढच्या वेळी डोंगरात ठेवताना

नुसता रेडिएटर रिकामा करणं म्हणजे पाणी काढणं नव्हे. ब्लॉकच्या तळात, पंपात आणि हीटरमध्ये मिळून लिटरभर तरी सहज राहतं, आणि फुटतं ते तिथेच. त्यामुळे रिकामं ठेवण्यापेक्षा भरून ठेवणं आम्हाला जास्त खात्रीचं वाटतं: निम्मं ग्लायकॉल, निम्मं डीआय पाणी, हीटर पूर्ण गरमवर, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवणं. हे शेवटचं चुकलं तर ग्लायकॉल रेडिएटरमध्येच राहतं आणि ब्लॉकमध्ये साधं पाणी. बंद केल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने दोन ठिकाणचा नमुना तपासा, उणे ३० च्या खाली दोन्हींकडे आलं पाहिजे. इंटरकूलरचा लूप वेगळा भरा, काच धुण्याची टाकी रिकामी करा.

रिकामंच ठेवायचं असेल तर खालचा होज, ब्लॉकचा ड्रेन, पंपाचा ड्रेन बोल्ट आणि हीटरचे दोन्ही होज उघडा, थर्मोस्टॅट काढून ठेवा, आणि अर्ध्या बारच्या हवेने प्रत्येक वाट फुंका. गाडी एकदा पुढे उंच, एकदा मागे उंच करून पुन्हा.

ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट शेडमध्ये उघड्या बादलीत राहिलं तर भटकी कुत्री ते पितात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेल्या ऑइलपासून वेगळं ठेवा आणि टाकाऊ रसायनं घेणाऱ्याकडे द्या, गटारात ओतू नका. ट्रॅकवर जाण्याआधी सिस्टीम साध्या पाण्याने धुवा: भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गरम करा, गार झाल्यावर काढा. एकदा धुऊन भागत नाही. रिफ्रॅक्टोमीटर शून्य दाखवेपर्यंत, बहुधा तीन वेळा, हे करावं लागतं.